मडगार्डावर बसता आलं पाहिजे

ज्याच्यावर माणूस बसू शकत नाही, त्याला मी मडगार्ड म्हणत नाही. माझा पोरगा त्याला फेंडर म्हणतो. म्हणो बापडा. तो हैदराबादला नोकरीत आहे, तिथं वस्तूंची नावं वेगळी असतील. मी तिसरीपर्यंत शिकलो, अर्धी मराठी मास्तराच्या हाताखाली अन् अर्धी तेलुगू मास्तराच्या. दोघांनीही मारलं सारखंच, शिकवलं थोडंथोडं. पण जीप मला येते. कापसाच्या जिनिंगात मी जीप चालवली, अन् जिनिंग बंद पडलं तेव्हा मालकानं भंगारात काढलेली तीच जीप मी घरी आणली. चारही चाकं ओढणारी, उघडी, टपावर ताडपत्री. आता ती म्हातारी झाली म्हणतात. मीबी झालो म्हणतात. लोकांना म्हणायला काय लागते.

आमचं गाव तेलंगणात, जैनथच्या अंगाला, पैनगंगेकडे. वावर नाल्याच्या पलीकडं. वावरात जायला पांदण आहे, म्हणजे दोन्हीकडं बोरी-बाभळी अन् मधून बैलगाडीची वाट. उन्हाळ्यात तिथून राजाची मोटारही जाईल. पाऊस लागला की मात्र ती वाट कोणाची राहत नाही. आमची माती काळी. ती घसरत नाही, ती धरते. चाकाला एक थर लागतो, त्याच्यावर दुसरा, मग चाक वाढत जातं. जात्यासारखं जड होतं. अन् चाक अन् मडगार्डाच्या मधली जागा भरली की गाडी जागच्या जागी उभी. इंजन रडतं, चाक हालत नाही. मग खाली उतरायचं, पहार घ्यायची अन् खरडत बसायचं.

आखाडात तसंच झालं. मी अन् घरची, दोघं वावरातून येत होतो. पांदणीच्या मधात डावं पुढचं चाक गच्च भरलं. मी पहार घातली अन् जोर लावला. माती नाही निघाली, मडगार्डच निघालं. गंजून गंजून पापुद्रा झालं होतं, जीपला नुसतं सवयीनं चिकटून होतं. घरची बसून पाहत होती. म्हणाली, "आता दारबी काढून घ्या, मंग मी उतरतो."

उतरली खरी. तिचे गुडघे दुखतात. त्या चिखलातून घरापर्यंत चालत आली, एका हातात माझा खांदा अन् एका हातात चपला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघे सुजले, अन् जीप ट्रॅक्टरनं ओढून आणावी लागली. हे पोराला कोणी सांगितलं मला माहीत नाही. घरचीनंच सांगितलं असेल, पण ती कबूल होत नाही.

पोराचा फोन आला. पोरगा वाईट नाही हे मी इथंच सांगून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारा पोराच्या चुगल्या करून राह्यला. त्याचा जीव आईत आहे. तो म्हणाला, "बाबा, आता बस झालं. जीप विकून टाकू. हैदराबादचा एक जण आहे, जुन्या जीपा घेतो, डोंगरात हौसेनं फिरवतो. तो पोळ्यानंतर पाहायला येणार आहे. तुम्ही दोघं माझ्याकडं या."

"वावर?"

"बटईनं देऊ."

"अन् पोळ्याचा निवद कोन नेईन?"

पोळ्याच्या दिवशी घरची पुरणपोळीचा निवद घेऊन वावरात जाते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाखाली आमच्या वावराचा देव आहे, शेंदूर लावलेला दगड. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं कधी चुकवलं नाही. आधी बैलगाडीत जायची. बैल संपले तेव्हापासून जीपमध्ये. दुसऱ्याच्या हातून निवद पाठवणं तिला चालत नाही, अन् चालत जाणं गुडघ्यांना चालत नाही.

हे पोरालाही ठाऊक, म्हणून तो म्हणाला, "ठीक आहे. पोळ्याला मी येतो. तुम्ही आईला वावरात नेऊन दाखवा. ट्रॅक्टर बोलवायचा नाही. गाडी पोचली तर मी पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. फसली तर जीप त्या माणसाला, अन् तुम्ही माझ्या गाडीत बसायचं."

मी म्हणलं, "मंजूर."

घरची चुलीपाशी होती. म्हणाली, "कायले मंजूर? मले पुसलं का?"

"तुले हैदराबादले जायचं हाये का?"

"मले निवद न्यायचा हाये," ती म्हणाली, "तुमची जीप मोडो नाहीतर राहो."

एवढं झाल्यावरही पोरानं मडगार्डं स्वतःच मागवून पाठवली. मोठा खोका आला. आत काळी, रुंद, गुळगुळीत मडगार्डं. प्लास्टिकची. आतल्या बाजूनं परत एक प्लास्टिकचं अस्तर, नवरीच्या चोळीला असते तसं. दिसायला झकास. मी बोटानं वाजवून पाहिलं, ढब ढब. घरचीनं एक हातात धरलं, पाखडल्यासारखं हालवलं अन् म्हणाली, "सूप म्हनून चालन."

मी पोराला फोन लावला. "हे नाही चालत."

"बाबा, हे सगळ्या जगात वापरतात."

"सगळ्या जगात काळी माती हाये का?"

"अहो, आतलं अस्तर मातीसाठीच आहे. गाडीला माती लागत नाही."

"गाडीले लागत नाही, मंग ते अस्तराले लागते. अस्तर अन् चाकाच्या मधात बसते. तुले पांदण आठवते का नाही?"

तो म्हणाला, आठवते. पण आवाजावरून मला कळलं की त्याला उन्हाळ्यातली आठवते, सुट्ट्यांमधली.

मग मी आदिलाबादला गेलो, बसनं. जुन्या गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत तिथं. एका दुकानदारानं तीन प्रकार काढून दाखवले. एक पोरानं पाठवली तशीच. दुसरी नुसत्या नळीची, सांगाडा, वर पत्रा नाही. तिसरी लोखंडी, जाड पत्र्याची, चपटी, जुन्या जीपला असायची तशी, फक्त बाहेरून जास्त रुंद. मी पहिल्यावर हात दाबला, ते वाकलं. दुसऱ्यावर पाणी थांबणार नाही, सगळा चिखल घरचीच्या तोंडावर. तिसरं मी जमिनीवर ठेवलं, खाली दोन विटा लावल्या अन् त्याच्यावर बसलो.

दुकानदार म्हणाला, "चाचा, ये बैठने के लिए नहीं है."

"तो किस के लिए है?"

"कीचड़ रोकने के लिए."

"कीचड़ हम रोकते नहीं," मी म्हणलं, "हम निकलते हैं."

तो हसला. पण मी हसायला नव्हतं म्हणलं. वावरात खुर्ची नसते. मडगार्डावर बसून माणूस भाकर खातो, विळा तिथंच टेकवतो, सावली आली की तिथंच पाठ लावतो. ज्या गाडीच्या मडगार्डावर बसता येत नाही ती गाडी माणसाला उभं ठेवते. ते लोखंडी मडगार्ड कुरकुरलं नाही. तसलीच जोडी घेतली. बसच्या टपावर बांधून आणली. कंडक्टर तिकीट फाडू का म्हणाला, मी म्हणलं फाड, पोळ्याचा पाहुणा हाये.

जैनथला एक मिस्त्री आहे. वेल्डिंग करतो. त्याचा बाप बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा, माझ्या बापाच्या गाडीलाही त्यानंच चढवल्या होत्या. म्हणून आमचं जुनं. मी जीप त्याच्या दारात लावली अन् मनातलं सांगितलं.

मनात असं होतं. वखरताना पाशीवर, म्हणजे वखराच्या लोखंडी पात्यावर, माती चढली की आपण तिला खरडतो. खरडलं नाही तर वखर चालत नाही. मग चाकाचंही तसंच. चाकाच्या मागं वखराची जुनी पास लावायची, दोन बोटं जागा सोडून. चाक फिरलं की माती पाशीला लागून आपोआप पडली पाहिजे. माझ्याकडं जुन्या पाशी पडूनच होत्या. मिस्त्रीनं पास हातात घेतली, चाकाकडं पाहिलं, अन् त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "चाचा, ये तो किसी ने नहीं किया."

"काऊन नाही केलं ते मले माहीत नाही. तू कर."

आधी गंजलेले बोल्ट कापले. मडगार्डाची भोकं जुन्या भोकांना जुळेनात, नवी पाडली. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून मधात घातल्या. आतून लाल रंग मारला, दोनदा. मग मागच्या चाकांच्या पाशी त्यानं स्प्रिंगच्या पाट्याखालच्या पट्टीला धरून बांधल्या, म्हणजे खड्ड्यात चाक वर गेलं तर पासही वर जाईल. तशाच पुढच्या चाकांनाही बांधल्या. आमी दोघांनी चहा घेतला. जीपभोवती फिरून पाहिलं. दोघंही खूश.

मी चालू केली अन् रस्त्यावर काढायला स्टेअरिंग मारलं. कर्र करून असा आवाज आला की समोरची कुत्री उठून गेली. पुढच्या उजव्या टायरचा खांदा पाशीनं भाकरीसारखा कापला.

मिस्त्री कपाळाला हात लावून खाली बसला. मी खाली उतरून पाहिलं. मग आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं. बैलगाडीचं चाक वळत नाही. बैल वळतात, गाडी त्यांच्या मागं जाते. त्याचा बाप चाकं करणारा, माझा बाप गाडी हाकणारा, अन् आमी दोघांनी मोटारीसमोर उभं राहून बैलगाडीचा विचार केला. दुसऱ्या कोणत्या गावात ही चूक झाली नसती.

"तुमने बोला," तो म्हणाला.

"तूनं बांधलं," मी म्हणलं.

तिथं मी ऐकून घेतलं असतं तर पोरानं पाठवलेली ती सुपं बसवून मुकाट्यानं घरी गेलो असतो. रस्त्यावरचे दोन-चार जण तेच सांगत होते. मी म्हणलं, पुढच्या काढ, मागच्या राहू दे. मागची चाकं वळत नाहीत, ती आपल्या बैलगाडीचीच आहेत. अन् पुढं पास नाही तर जागा पाहिजे. मडगार्ड वर घे. त्यानं एक वीत वर घेतलं. मी म्हणलं अजून. तो म्हणाला, चाचा, खराब दिसेल. मी म्हणलं, मी तिच्यासाठी नवरा नाही पाहून राह्यलो. मग आतल्या बाजूचा पत्राही कापायला लावला, म्हणजे माती भरली तरी आतून खाली पडेल. काठ वळवून घेतला, खालून नळीचा टेका दिला. मी वर बसलो. नंतर मिस्त्री बसला. मग दोघं बसलो. कुरकुर नाही.

टायरला आतून ठिगळ लावलं अन् कापलेली बाजू आत केली.

गावात आलो तर लोक पाहायला जमले. खरंच विचित्र दिसत होती. पुढची मडगार्डं इतकी वर की नाला ओलांडायला धोतर वर खोसलेल्या म्हाताऱ्यासारखी जीप दिसायची. ते मला आवडलं. नाला असाच ओलांडतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. सगळे बैल धुवायला नाल्यावर नेतात, मग खांद्यांना हळद-लोणी लावतात. मी जीप नेली. तिथं एक जण माझ्याच वयाचा, जन्मभर माझ्याशी वाद घालत आलेला, बैल घासत होता. मला पाहून त्यानं झडती म्हणली. आमच्याकडं पोळ्याला एकमेकांना टोमणे मारायचे ते असे गाण्यात मारतात.

"मोडकी जीप, लंगडी चाल,
धोतर खोसून निघाली,
बैल पुसते, कोन वं तू,
म्हातारी कोनाची सुटली?"

सगळे हसले. त्यानं स्वतःचे बैल मागंच विकले होते अन् त्या दिवशीचे मेव्हण्याकडून आणले होते, हे साऱ्या गावाला ठाऊक. मीबी म्हणलं:

"बैल विकून ट्रॅक्टर घेतला,
ट्रॅक्टर झोपला सावलीत,
पोळ्याले बैल उसने आनून
मिरवते बाप्पा गल्लीत."

आता जास्त हसले. तो म्हणाला, "उद्या फसशीन तवा त्याच ट्रॅक्टरले हाका मारशीन." मी म्हणलं, "झोपू दे त्याले."

घरी आल्यावर घरचीनं बोटावर हळद-लोणी घेतलं अन् जीपच्या दोन्ही पुढच्या मडगार्डांना लावलं. बैलाच्या खांद्याची जागा तीच आहे.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून पाऊस. पोरगा आला. अंगणात त्याला आधी त्यानं पाठवलेलं मडगार्ड दिसलं, उलटं ठेवलेलं, त्यात पाणी, अन् शेजारची शेळी पाणी पीत होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याची आई म्हणाली, "लय कामाचं निंघालं, बाप्पा. गळत नाही." मग त्यानं जीप पाहिली, भोवती फिरला, खाली वाकून पाशी पाहिल्या. म्हणाला, "बाबा, हे काय केलं?"

"बसून पाह्य."

"कशावर?"

"राहू दे. उतरशीन तवा बसजो."

दुपारी पाऊस थांबल्यावर निघालो. घरची पुढं, मांडीवर निवदाचं ताट, वरून फडकं. पोरगा मागं. नाल्याला पाणी गुडघाभर होतं, ते पार केलं. पांदणीत शिरलो तसा मी चारही चाकांचा गिअर टाकला अन् जीप हळू सोडली. घाई केली की माती जास्त चढते. चाकं वाढायला लागली. मागून थप थप आवाज यायला लागला, पाशीवरून माती पडायचा. घरची ताट धरून कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "कोनीतरी भाकरी थापून राह्यलं वाटते."

पोरगा मागून वाकून पाहत होता. "पडते आहे," तो म्हणाला. आवाजात आनंद होता. मी ध्यानात ठेवलं.

आखाडात फसलो ती जागा गेली. मग एक वळण आहे, तिथं पांदण खोल आहे अन् पाणी साचतं. तिथं पुढची चाकं भरली. कापलेल्या बाजूनं माती पडत होती, पण चढत होती त्याहून हळू. जीप मंदावली. इंजन दाटलं. मी पाय उचलला नाही, दाबलाही नाही. जीप थांबली.

घरचीनं ताट उराशी धरलं. मी पहार उचलली, तर मागून पोरगा उतरलेला. हैदराबादचे बूट घालून चिखलात. त्यानं माझ्या हातातून पहार घेतली, पुढच्या चाकापाशी बसला अन् खालून, मोकळ्या बाजूनं माती ओढायला लागला. लहानपणी त्यानं मला तसंच करताना पाहिलं असेल. मडगार्ड मधे येत नव्हतं, हात सरळ चाकापर्यंत जात होता. दोन्ही बाजू त्यानं मोकळ्या केल्या. मग मागं जाऊन खांदा लावला. मी गिअर टाकला. जीपनं एक झटका दिला अन् वर चढली. तो मागं चिखलात पडला, उठला, धावत आला अन् चढला.

धुऱ्यावर पळसाखाली जीप उभी केली. घरची उतरली, देवाजवळ गेली, निवद ठेवला, हात जोडले. आमी दोघं उभे होतो. पोराच्या कपड्यांचा रंग ओळखू येत नव्हता.

तो म्हणाला, "बाबा, गाडी फसली होती."

"थांबली होती."

"मी ढकलली."

"ट्रॅक्टर बोलावला का?"

"नाही, पण मी..."

"तू ट्रॅक्टर हायेस का?"

घरची देवाकडं तोंड करूनच म्हणाली, "भांडू नका. निवद पोचला. त्याच्या पुढं काही बोलायचं असन तर घरी बोलजा, देवासमोर नाही." अन् आमच्याकडं वळून पुरणपोळीचा तुकडा आधी पोराच्या हातात दिला, मग माझ्या.

पोरानं खाऊन झाल्यावर खिशातून फोन काढला. धुऱ्यावर आमच्याकडं टॉवर येत नाही. तो इकडं फिरला, तिकडं फिरला, हात वर केला.

मी विचारलं, "कोनाले लावतो?"

"त्या माणसाला. जीप घेणाऱ्याला. येऊ नको म्हणून सांगतो."

माझ्या तोंडात पोळी होती.

तो जीपपाशी आला. मडगार्डाकडं पाहिलं, हातानं दाबून पाहिलं. "ह्याच्यावर उभा राहू का? वर टॉवर मिळेल."

"राह्य," मी म्हणलं. "पन बूट काढ."